मुलीचा ताबा : सात वर्षांच्या लेकीच्या बाबाला कितपत आशा? (पुणे)

कोरा_चहा | १७ ऑगस्ट, रात्री ११:५२

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हा धागा दोनदा लिहून पुसला, आता तिसऱ्यांदा लिहितोय. विभाग चुकला असेल तर व्यवस्थापकांनी हलवावा.

मी ३८, कोथरूडला राहतो, आई माझ्याकडे असते. बायको हिंजवडीत आयटीत आहे, तिची टीम अमेरिकेतली, त्यामुळे रात्री एक-दीडपर्यंत कॉल. मुलगी जूनमध्ये सात पूर्ण झाली, दुसरीत आहे. पाडव्यानंतर आठवड्याभरात दोघी चिंचवडला तिच्या माहेरी गेल्या त्या गेल्याच. का, ते इथे लिहिणार नाही. जूनमध्ये शाळा बदलली. दाखला काढल्याचं मला जुन्या शाळेच्या अ‍ॅपवर कळलं. जुलैअखेर घटस्फोटाच्या अर्जाचं समन्स आलं, पहिली तारीख सप्टेंबरात. घटस्फोटाला माझी ना नाही. प्रश्न मुलीचा आहे.

बायकोचे कॉल रात्रीचे, म्हणून सकाळ माझी. बालवर्गापासून. उठवणं, दूध, डबा, व्हॅनपर्यंत सोडणं आणि वेण्या. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी, शाळेचा नियम. मला येत नव्हत्या. खुर्चीच्या पाठीला सुतळीचे तीन पदर बांधून शिकलो. पहिल्या महिन्यात व्हॅनवाले काका रोज हसायचे. नंतर दुसऱ्या एका मुलीची आई मला विचारायला लागली की भांग इतका सरळ कसा येतो.

एका वकिलाला भेटलो. ते म्हणाले, वेण्याबिण्या कोर्टात चालत नाहीत, मुलगी हवी असेल तर बायकोच्या चारित्र्यावर घ्यावं लागेल. मी उठून आलो. ऑफिसातला एक जण म्हणतो, पाच वर्षांनंतर बापाचाच हक्क असतो, घाबरू नकोस. खरं काय? आणि गणपती तोंडावर आलेत. आमच्याकडे गौरीबरोबर जातात. निदान त्या दिवसांत तिला घरी आणता येईल का?

पेठी_पंत | १८ ऑगस्ट, सकाळी ६:१०

दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बसवा आणि मिटवा. आमच्या वेळी भांडणं होत नव्हती का? हल्लीच्या मुलींना पगार आला की

धागा-व्यवस्थापक | १८ ऑगस्ट, सकाळी ८:४०

वरचा प्रतिसाद अर्धा उडवला आहे. प्रश्न ताब्याचा आहे, पगाराचा नाही.

अ‍ॅड_मुळाकाठ | १८ ऑगस्ट, दुपारी २:१५

मी पुण्यातच फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करते. हा सल्ला सर्वसाधारण समजा, कागद बघितल्याशिवाय कुणाचंच भविष्य सांगता येत नाही.

आधी तुमच्या ऑफिसातल्या मित्राचं. हिंदू अज्ञान आणि पालकत्व कायदा, १९५६. (कायद्याच्या मराठीत अठराच्या आतल्याला 'अज्ञान' म्हणतात, रागावू नका.) त्याच्या कलम ६ मध्ये दोन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक, नैसर्गिक पालक वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई. या 'त्यांच्यानंतर'चा अर्थ 'वडील वारल्यावर' असाच घ्यायला नको, वडिलांच्या गैरहजेरीतही आई पालक असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सांगितलं. दोन, पाच वर्षांखालचं मूल 'सर्वसाधारणपणे' आईकडे असावं. त्या वाक्यातून लोक परस्पर निष्कर्ष काढतात की पाच झाली की बापाकडे. असं कुठेही लिहिलेलं नाही. पाचनंतर कुणाचंच पारडं आपोआप जड होत नाही. याच कायद्याचं कलम १३ म्हणतं की मुलाचं हित सर्वांत वरचं. नैसर्गिक पालक असल्याचा दाखला त्याच्यापुढे टिकत नाही, ना तुमचा ना त्यांचा.

आता कडू भाग. विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग, २०१७. मुलगी लहानपणापासून वडिलांकडे होती, तिला वडिलांकडेच राहायचं होतं, तरी सर्वोच्च न्यायालयाने ताबा आईला दिला. वाढत्या वयाच्या मुलीला आईच्या सहवासाची गरज, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग असा की मुलीने आईचा सहवास अनुभवलाच नव्हता, मग तिच्या पसंतीला किती वजन द्यायचं? निकाल तुमच्या बाजूचा नाही, पण वाचाच. मूल एका पालकापासून तुटत गेलं तर काय होतं ते त्यात चांगलं मांडलंय, आणि ते दोन्ही बाजूंना लागू आहे.

कुठे अर्ज करायचा? घटस्फोटाचा दावा चालू असताना मुलांबद्दलचा अर्ज त्यातच करता येतो, हिंदू विवाह कायदा कलम २६. अंतरिम आदेशही मिळतो. दावा नसता तर १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली वेगळा अर्ज, ज्याला आपल्याकडे 'डी पिटिशन' म्हणतात, आणि तो मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या कोर्टात. तुमच्या बाबतीत समन्स आलेलंच आहे, त्यामुळे कलम २६. आणि पहिल्या अर्जात ताबा मागायच्या आधी अ‍ॅक्सेस मागा. भेट, फोन, रात्रीचा मुक्काम, सणवार. मार्चपासून भेट नाही म्हणजे पाच महिने. रोज एक वीट चढतेय भिंतीवर.

चारित्र्याचं बोलणाऱ्या वकिलांकडे परत जाऊ नका. आज लिहिलेला आरोप दहा वर्षांनी ती मुलगी वाचू शकते.

तिखटमीठ | १८ ऑगस्ट, दुपारी ४:०२

वकीलताईंना +१. पण धागाकर्त्या, तुम्ही 'का गेल्या ते लिहिणार नाही' असं म्हणून हळूच पुढे सरकलात. वेण्यांवर एक परिच्छेद आहे आणि बायकोवर दीड ओळ. तिची बाजू कुणीतरी विचारायला हवी. मारहाण? संशय? सासू? तुम्ही मुलीच्या खर्चाला आत्ता काय देता?

कोरा_चहा | १८ ऑगस्ट, रात्री १०:३०

हात कधीच उचलला नाही. आईचे टोमणे होते, 'सून झोपते तेव्हा कोंबडा आरवतो' या छापाचे, रोज. मी मध्ये बोललो नाही. दोन्ही बाजूंनी कान बंद करून बसलो, हे माझं चुकलं, आणि बायकोने ते मला शंभरदा सांगितलं होतं.

खर्चाचं: एप्रिल-मे पाठवले. शाळा बदलल्यावर थांबवले. रागाने.

तिखटमीठ | १८ ऑगस्ट, रात्री १०:४१

प्रामाणिकपणाबद्दल आभार. पैसे उद्या सकाळी सुरू करा.

अ‍ॅड_मुळाकाठ | १८ ऑगस्ट, रात्री ११:२०

उद्या सकाळी, खरंच. बँकेतून, रोख नाही. 'भेटू देत नाही म्हणून पैसे देत नाही' आणि 'पैसे देत नाही म्हणून भेटू देत नाही' ही दोन्ही वाक्यं मी आठवड्यातून चारदा ऐकते. कोर्ट या दोन गोष्टी एकमेकींना बांधत नाही. आई कमावती असली तरी तुमची जबाबदारी जात नाही, दोघांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे. आणि रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून पोटगीचा प्रश्न आला की दोघांना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगाराची स्लिप, कर्जाचे हप्ते, एफडी, सगळं. लपवाछपवीत पडू नका.

आता पुराव्याचं. वेण्यांचा पुरावा नसतो, पण वेण्यांच्या आजूबाजूचा असतो. शाळेच्या डायरीवर सही कुणाची? व्हॅनवाल्या काकांच्या ग्रुपवर 'आज येणार नाही' कोण लिहीत होतं? लसीकरणाचं कार्ड कुणाकडे, बालरोगतज्ज्ञांच्या कागदावर सोबत कोण असं लिहिलंय, पालकसभेच्या हजेरीवर कोण? ते गोळा करा. व्हॉट्सअ‍ॅप पुराव्यात दाखल करायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं, नुसते स्क्रीनशॉट छापून फाइलला टाचून चालत नाही.

झेलम_एस४ | १९ ऑगस्ट, सकाळी ७:३०

भाऊ, मी या रस्त्याने गेलोय. चार वर्षांपूर्वी. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. ताबा आईकडे, मला महिन्यातून दोन शनिवार, तेही सुरुवातीला कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत.

त्या खोलीबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. एका वेळी चार-पाच कुटुंबं असतात. भिंतीवर चित्रं, कोपऱ्यात खेळणी, आणि प्रत्येक बाप (कधी आई) घड्याळाकडे बघत असतो. मी पहिल्या वेळी मोठी रिमोटची गाडी नेली. मुलगा गाडीकडे बघेना, माझ्याकडेही बघेना, दाराकडे बघत बसला. पुढच्या तारखेला समोरून 'मुलाला लाच देतात' असा मुद्दा आला.

दुसऱ्या वेळी घरून निघताना हातात काहीच नव्हतं. बाहेर एका गाडीवरून दोन संत्री घेतली. एक त्याच्या हातात दिलं, एक मी सोलायला लागलो. तो बघत राहिला. मग त्याने साल दाबून माझ्या डोळ्यात पिचकारी मारली. मी ओरडलो, तो हसला. पाच महिन्यांनी त्याचं हसणं ऐकलं. संत्रं सोलायला दहा मिनिटं लागतात, हाताला काम असतं, समोरासमोर बघावं लागत नाही आणि 'आईकडे कसं वाटतं' असले प्रश्न सुचत नाहीत. तेव्हापासून मोसमाप्रमाणे काहीतरी सोलायचं नेतो. शेंगा, मटार. एकदा लसूण नेला होता, ते जरा जास्त झालं.

आता तो दर पंधरा दिवसांनी शुक्रवार ते रविवार माझ्याकडे असतो. अर्ज करत गेलो, आदेश बदलत गेला.

सुमनमावशी | १९ ऑगस्ट, सकाळी ११:०५

लेकरा, मी आजी आहे, आणि चिंचवडच्या आजीच्या जागी बसून लिहिते. माझी लेक नातवाला घेऊन आली तेव्हा मीच म्हटलं होतं, त्याला भेटूच देऊ नकोस. नातू रात्री उशीखाली बापाचा रुमाल ठेवायचा. मी तो धुवायला टाकला, तर दोन दिवस जेवला नाही. तेव्हा कळलं. तुझ्या सासूबाईंना गणपतीचं आमंत्रण स्वतः फोन करून दे. वकिलाकडून नको. तुझ्या आईनेही करावा, आणि कोंबड्याबद्दल माफी मागावी.

कोरा_चहा | १९ ऑगस्ट, दुपारी १:१२

मावशी, आईला वाचून दाखवलं. आत जाऊन बसली आहे.

सरळरेषा | १९ ऑगस्ट, रात्री ९:००

एक सोपा उपाय. मुलीशी फोनवर बोलताना 'मला बाबाकडे यायचंय' असं तिच्याकडून वदवून रेकॉर्ड करा. आता असं रेकॉर्डिंग चालतं, सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय.

अ‍ॅड_मुळाकाठ | १९ ऑगस्ट, रात्री ९:३८

कृपा करून असलं काही करू नका. तो निकाल जुलै २०२५ चा, विभोर गर्ग विरुद्ध नेहा. नवरा-बायकोतल्या गुपचूप रेकॉर्ड केलेल्या संभाषणाबद्दल आहे. सात वर्षांच्या मुलीच्या तोंडात वाक्य घालण्याची परवानगी त्यात कुठे दिसली? मूल समजून पसंती सांगण्याच्या वयाचं असेल तर ती विचारात घेता येते, असं १८९० च्या कायद्यात कलम १७ मध्ये आहे. त्यासाठी न्यायाधीश स्वतः चेंबरमध्ये मुलाशी बोलू शकतात, बहुधा आईबाप बाहेर ठेवून. पढवलेलं मूल तिसऱ्या प्रश्नाला ओळखू येतं. मग नुकसान पढवणाऱ्याचं.

घर_क्रमांक_दोन | २० ऑगस्ट, रात्री १२:४७

मी २९ वर्षांची आहे. मी ते मूल आहे, म्हणजे होते. आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी नऊ वर्षांची. सोमवार ते शुक्रवार सदाशिव पेठेत आईकडे, शनिवार-रविवार बिबवेवाडीत बाबाकडे.

न्यायाधीशबाईंनी मला कॅडबरी दिली आणि विचारलं, शाळेत कोण आवडतं? मी तयारी केली होती 'कोणाकडे राहायचं'ची. दोघांनीही करून घेतली होती, वेगवेगळी. त्यांनी तो प्रश्न विचारलाच नाही. मला एवढं हलकं वाटलं की मी रडले, आणि बाहेर दोघांनाही वाटलं की मी दुसऱ्याचं नाव घेतलं म्हणून रडतेय.

मोठ्या गोष्टी मला फारशा आठवत नाहीत. कंपासपेटी आठवते. ती नेहमी दुसऱ्या घरी असायची. सोमवारी भूमितीच्या तासाला मी रोज शिक्षा खाल्ली, कारण कर्कटक बिबवेवाडीत. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर 'बघ, त्याचं लक्ष नाही' सुरू झालं असतं. दोन कंपासपेट्या घ्या. दोन चपला, दोन टूथब्रश, चष्मा लागला तर दोन चष्मे. आणि मुलीच्या हातून निरोप पाठवू नका. 'आईला सांग फी भरली' हे वाक्य माझ्या पोटात दुखायला लावायचं. शाळेत नेहमी वाटायचं, दप्तरात काहीतरी फुटणार आहे.

वेण्यांचं वाचून मात्र छान वाटलं. माझ्या बाबाला पोनीसुद्धा येत नव्हती.

कोरा_चहा | २० ऑगस्ट, सकाळी ६:५५

दोन कंपासपेट्या. लिहून ठेवलं.

नाममात्र | २१ ऑगस्ट, दुपारी १२:२०

अवांतर: आपल्याकडे जॉइंट कस्टडी नसतेच का? परदेशातल्या मालिकांत मुलं आठवडा इकडे, आठवडा तिकडे असतात.

अ‍ॅड_मुळाकाठ | २१ ऑगस्ट, सायंकाळी ७:१०

१९५६ च्या कायद्यात तसा शब्दप्रयोग नाही. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात सामायिक ताब्याची शिफारस केली होती, कायदा अजून बदललेला नाही. पण दोघांनी समजुतीने तसं लिहून दिलं तर कोर्टाला सहसा वावडं नसतं. यशिता साहू प्रकरणात, २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळायला हवं, ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याला पुरेशी भेट हवी, आणि भेट शक्य नसेल तिथे फोन, व्हिडिओ कॉल. शब्दात अडकू नका. शुक्रवारी शाळेतून घेतलं आणि सोमवारी शाळेत सोडलं, तर नाव काहीही द्या, मूल तीन रात्री तुमच्याकडे झोपलं.

कोरा_चहा | ५ सप्टेंबर, रात्री ११:१५

थोडी खबर. आईने फोन केला. काय बोलली ते तिने मला ऐकू दिलं नाही, गॅलरीत जाऊन बोलली, वीस मिनिटं. गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी दहा ते चार मुलगी आली. मामा सोडायला आला होता, चहा घेतला नाही, पण दारात पाणी प्यायला.

ती आली तेव्हा आजीने घट्ट वेण्या घालून पाठवलं होतं, मोगऱ्याच्या गजऱ्यासकट. त्यामुळे मला काही काम नव्हतं. संत्री मिळाली नाहीत, मोसंबी सोलली. पिचकारी नीट उडत नाही मोसंब्याची. तिने स्वतःची खोली उघडली, कपाटातली जुनी रिबिनीची पिशवी बघितली, परत ठेवली. चारला गेली. पुरणपोळी डब्यात दिली, आईने तीन जास्त घातल्या.

तिखटमीठ | ५ सप्टेंबर, रात्री ११:४०

त्या तीन जास्तीच्या पोळ्या कुणासाठी ते कळलं. आईंना नमस्कार सांगा.

कोरा_चहा | २८ सप्टेंबर, रात्री १०:०५

पहिली तारीख झाली. समुपदेशकांकडे पाठवलं. एक मजा सांगतो. मी वनाजहून मेट्रोने येतो, बायको पिंपरीकडून. दोन वेगळ्या मार्गिका, आणि दोन्ही सिव्हिल कोर्टाच्या एकाच स्टेशनात येतात. सरकत्या जिन्यावर ती माझ्या पुढे आठ पायऱ्या होती. लग्नाआधी आम्ही कॉलेजला जाताना एकाच पीएमटीत असायचो, तेव्हाही ती पुढेच असायची.

समुपदेशक बाईंनी विचारलं, मुलीचा दिवस कसा जायचा ते दोघांनी सांगा. मी फाइल उघडली. डायरीच्या झेरॉक्स, व्हॅनच्या ग्रुपचे प्रिंट, सगळं प्लास्टिकच्या कप्प्यांत लावून नेलं होतं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "सकाळचं सगळं तोच करायचा. वेण्याही. माझ्यापेक्षा चांगल्या घालतो."

फाइल मांडीवर तशीच राहिली.

मग ती म्हणाली, "पण रात्री ताप आला तर ती मला हाक मारते. आणि याच्या घरी मला कोणी हाक मारली तर ती टोमण्यासाठी." मला यावर काही बोलता आलं नाही, कारण दोन्ही खरं होतं.

वकीलताई, तिने जे कबूल केलं ते पुराव्यात येईल का?

अ‍ॅड_मुळाकाठ | २९ सप्टेंबर, सकाळी ९:२५

नाही. समुपदेशनात बोललेलं गोपनीय असतं. पुरावा म्हणून शून्य. पण मी तुमची वकील असते तर ती फाइल घरी ठेवली असती आणि त्याच दिवशी समोरच्या वकिलांना फोन करून कन्सेंट टर्म्सचं, म्हणजे दोघांच्या संमतीने लिहिलेल्या अटींचं, विचारलं असतं. जी बाई न विचारता असं बोलते तिच्याशी उलटतपासणीत कशाला बोलायचं? ताबा तिच्याकडे राहील हे मनाने घ्या. रोजचं घर, आजी, शाळा आता तिकडे रुळलंय, आणि कोर्ट रुळलेलं सहसा मोडत नाही. तुम्ही रात्री, सुट्ट्या आणि निर्णयातला वाटा मागा. लेखी.

झेलम_एस४ | २९ सप्टेंबर, सकाळी १०:००

आणि मोघम लिहू नका. 'सोयीनुसार भेट' असं कधीही लिहू नका. सोय कधीच नसते. वार, वेळ, जागा, कोण सोडणार, कोण आणणार, उशीर झाला तर किती वेळ थांबायचं. आमच्या टर्म्समध्ये 'दिवाळी अर्धी अर्धी' होतं. दिवाळी किती दिवसांची यावर आम्ही दोन तारखा भांडलो. वसुबारसेपासून मोजायची की धनत्रयोदशीपासून.

कोरा_चहा | ११ जानेवारी, रात्री ९:५०

बरेच दिवस आलो नाही. अंतरिम व्यवस्था सुरू आहे, आणि कच्चा मसुदा ठरला. दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो.

ताबा आईकडे. दर दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी मी शाळेतून घेणार, सोमवारी शाळेत सोडणार. मधल्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी पाच ते आठ, चिंचवडलाच. रोज साडेसातला व्हिडिओ कॉल, दहा मिनिटं, आणि तिला नको असेल तर नाही, ही मुलीचीच अट होती. उन्हाळ्याची सुट्टी निम्मी निम्मी. दिवाळीत एका वर्षी लक्ष्मीपूजनापर्यंत इकडे आणि पाडव्यापासून तिकडे, पुढच्या वर्षी उलट. गणपतीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. त्यांचा दीड दिवसाचा, आमचा गौरीबरोबर जाणारा. शेवटी दीड दिवस तिकडे, मग विसर्जन करून ती इकडे, हे मुलीच्या मामाने सुचवलं. दोन मिनिटांत सुटलं, आम्ही दोन महिने घालवले होते.

फी, दवाखाना: माझे साठ टक्के, तिचे चाळीस. शाळेच्या नोंदीत दोघांचे नंबर. मोठा वैद्यकीय निर्णय दोघांनी. दोन कंपासपेट्या हे कलम वकिलांनी काढायला लावलं, पण घेतल्या आहेत.

एक शंका. तिला कंपनीकडून अमेरिकेची संधी येऊ शकते. मुलीला नेलं तर?

अ‍ॅड_मुळाकाठ | १२ जानेवारी, दुपारी १:३०

ते आताच लिहून घ्या. कोर्टाच्या परवानगीशिवाय किंवा दोघांच्या लेखी संमतीशिवाय मुलीला देशाबाहेर कायमचं नेणार नाही, आणि सुट्टीपुरतं नेलं तर तिकिटं आधी दाखवायची. आंतरराष्ट्रीय बालअपहरणाबद्दलचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही, त्यामुळे मूल एकदा बाहेर गेलं की परत आणणं लांबचं काम होतं. पासपोर्टला साधारणपणे दोघांच्या सह्या लागतात. एकाच पालकाच्या प्रतिज्ञापत्रावर, दुसऱ्याची संमती का नाही ते सांगून, अर्ज करता येतो. म्हणून 'पासपोर्ट कोणाकडे' हेही लिहा.

आणि दोघांच्या लक्षात असू द्या, ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. हे आदेश बदलू शकतात असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या रोझी जेकब निकालापासून सांगितलंय. ती बारा वर्षांची झाल्यावर हेच वेळापत्रक तिला जाचेल, तेव्हा परत बसा.

तुमचा 'ए' अर्ज (एकाच्या बाजूने केलेला घटस्फोटाचा) परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या 'एफ' मध्ये बदलून घ्यायला वेगळं राहून वर्ष व्हावं लागेल, म्हणजे पाडव्यानंतर. मग सहा महिने थांबायचं. परिस्थिती बघून ते माफ होऊ शकतात, २०१७ च्या अमरदीप सिंग निकालामुळे, पण त्याच्या भरवशावर हॉल बुक करू नका. (विनोद होता.)

तिखटमीठ | १२ जानेवारी, दुपारी २:०५

अजून एक, वाचणाऱ्या बायकांसाठी. वकिलाचे पैसे नसतील तर घाबरून सही करू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा. आणि घरात मारहाण असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा मॅजिस्ट्रेटकडेही मागता येतो. धागाकर्त्यांची गोष्ट सभ्य आहे म्हणून सगळ्यांची तशी असते असं नाही.

कोरा_चहा | २२ जून, सकाळी ९:१०

'एफ' दाखल झाला, पुढची तारीख ऑक्टोबरात. वेळापत्रक चालू आहे. दोनदा मोडलं. एकदा मला ताप होता, एकदा तिच्या आजोबांचं ऑपरेशन होतं. दोन्ही वेळा भांडण झालं नाही.

शाळा सुरू झाल्यानंतरचा पहिला सोमवार आज. कोथरूडहून चिंचवडला साडेसातला पोचायचं म्हणजे साडेपाचला उठायचं. मी पाचला उठलो. रिबिनी इस्त्री करून ठेवल्या होत्या रात्री, फणी, पाण्याची बाटली, सगळं. ती दात घासून आली आणि खुर्चीवर नेहमीसारखी पाठ करून बसली. शनिवारी ती आईबरोबर पार्लरला जाऊन आली होती, या वेळी शुक्रवारऐवजी मी रविवारी घरी आणली तेव्हा टोपी घातलेली होती पावसासाठी, मग रात्री झोपलेली. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. केस मानेपर्यंत. वेणीत येणारच नाहीत.

मी फणी हातात घेऊन उभा. ती म्हणाली, "बाबा, नवीन शाळेत चालतं. नुसता हेअरबँड."

हेअरबँड लावायलाही तिला मीच लागलो. कानामागे टोचतो म्हणे, आई नीट लावत नाही.

घर_क्रमांक_दोन | २२ जून, सकाळी ९:३२

कानामागे टोचतो, खरं आहे. आतून थोडी लोकर गुंडाळा.

नवी_वही | २२ जून, रात्री ११:५८

नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहितेय. सगळा धागा वाचला. मुलगा साडेचार वर्षांचा, आम्ही पिंपळे सौदागरला, नवरा म्हणतो पाच होऊ दे मग बघतो. नवीन धागा काढू की इथेच विचारू?

अ‍ॅड_मुळाकाठ | २३ जून, सकाळी ८:०५

इथेच विचारा. आणि वर माझा १८ ऑगस्टचा प्रतिसाद आधी त्याला वाचून दाखवा.